गर्भवतीच्या रात्रीची नोंद

गर्भारपणातील तपासणीचे सारे दफ्तर दिवसाउजेडी भरले जाते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतील प्रथिन, गर्भाशयाची उंची, बाळाचे ठोके या बाबी सकाळच्या रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांच्या कार्डांवर एकामागून एक उतरत जातात. आणि चोवीस तासांपैकी ज्या सात-आठ तासांत हीच स्त्री निजलेली असते, त्या तासांविषयी त्या कार्डावर एक अवाक्षरही नसते. घोरणे हा आपल्या घरांतून थट्टेचा विषय, आणि गर्भार बाई घोरू लागली तर ‘दमली आहे बिचारी’ एवढ्यावर त्या गोष्टीची बोळवण होते. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत झोपेतील श्वासाचा अडथळा आणि गर्भारपणातील उच्च रक्तदाब यांच्यात काही नाते आहे, असे सांगणारा पुरावा हळूहळू साचत गेला आहे, आणि त्याचा अर्थ काय लावावा याबद्दल जाणत्यांतही एकवाक्यता नाही. प्रश्न आईच्या आणि बाळाच्या जिवाशी निगडित असल्यामुळे तो एका पक्षाची वकिली करून मांडण्याऐवजी दोन्ही पक्ष समोरासमोर बसवून त्यांची कैफियत ऐकावी, हे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते. पुढील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. एक, तालुक्याच्या गावी उभे आयुष्य बाळंतपणे करण्यात घालविलेल्या प्रसूतितज्ज्ञ बाई. दुसरे, एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेले आणि आता शहरात छातीचे व निद्रेचे विकार पाहणारे डॉक्टर. त्यांचे युक्तिवाद मात्र आजच्या वैद्यकात खरोखरीच चालू आहेत.

डॉक्टर: बाई, गर्भारपणात श्वसनाच्या बाबतीत शरीर एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांनी ओढले जाते. इस्ट्रोजेनमुळे नाकाची आतली त्वचा सुजते, घशाचा मार्ग अरुंद होतो. वाढत्या गर्भाशयामुळे श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर ढकलले जाते, श्वास सोडल्यावर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटते, आणि प्राणवायूची मागणी मात्र साधारण तितक्याच प्रमाणात वाढते. याच्या उलट प्रोजेस्टेरोन मेंदूतील श्वासकेंद्राला सतत जागते ठेवते, आणि बहुतेक स्त्रियांना तेच तारून नेते. ज्यांना ते पुरत नाही, त्यांच्या घशाचे स्नायू झोपेत सैलावले की घोरणे सुरू होते, आणि काहींचा मार्ग मधूनमधून बंदच पडतो. श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबण्याचे अथवा फार उथळ होण्याचे प्रसंग तासाला पाचदा किंवा त्याहून अधिक वेळा घडले, तर त्याला आम्ही विकार म्हणतो. अशा प्रत्येक प्रसंगी रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, दाब उसळतो. तिला धड जागही येत नाही, आणि काही क्षणांनी सारे पुन्हा पहिल्यापासून. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्क्यांनी उतरतो. रक्तवाहिन्यांना मिळणारी ही रोजची विश्रांती अशा स्त्रीच्या वाट्यास येत नाही.

बाई: हे शरीरशास्त्र मला मान्य आहे. पण अरे, आमच्या शास्त्राचा इतिहास सुंदर उपपत्तींनी भरलेला आहे, आणि त्यांची किंमत बायकांनी मोजलेली आहे. प्रीएक्लॅम्प्सियाला माझ्या गुरूंच्या पिढीत टॉक्सिमिया म्हणत. रक्तात कसले तरी विष उतरते असा सर्वांचा समज होता. ते विष कुणालाही सापडले नाही, परंतु त्याच्या नावाने गर्भार बायकांचे मीठ तोडले, त्यांचे वजन वाढू नये म्हणून त्यांना अर्धपोटी ठेवले, सूज उतरावी म्हणून लघवीच्या गोळ्या दिल्या. तेव्हा रात्री श्वास अडकतो म्हणून दिवसा दाब वाढतो, असे कोणी इतक्या सुबकपणे सांगू लागला की मी आधी सावध होते. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्यावर दाब आणि जोडीला लघवीत प्रथिन किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तबिंबिका यांवर परिणाम, ही जी अवस्था आहे तिचे मूळ फार आधी, वार रुजताना गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या जशा रुंदावयास हव्यात तशा न रुंदावण्यात आहे, असे आज आम्ही मानतो. तुझे घोरणे या कथेत कुठे बसते?

डॉक्टर: कदाचित त्याच ठिकाणी. प्राणवायू पुन्हा पुन्हा उतरणे आणि चढणे, यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते; आणि प्रीएक्लॅम्प्सियातही शेवटी बिघडते ते हेच अस्तर. पण उपपत्ती बाजूला ठेवू आणि नोंदी पाहू. स्वीडनमधील उमेओ येथे ५०२ बाळंतिणींना विचारले गेले. दिवस जाण्यापूर्वी रोज घोरणाऱ्या ४ टक्के होत्या, त्या अखेरच्या आठवड्यात २३ टक्के झाल्या. घोरणाऱ्यांत प्रीएक्लॅम्प्सिया १० टक्के, इतरांत ४ टक्के. कमी वजनाची बाळेही घोरणाऱ्यांच्या पोटीच अधिक. हे २००० साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१२ मध्ये मिशिगनमधील १,७१९ स्त्रियांच्या पाहणीत तर असे दिसले की, आधीपासून घोरणाऱ्यांपेक्षा गर्भारपणातच नव्याने घोरू लागलेल्या स्त्रियांचा गर्भकालीन रक्तदाबाशी संबंध अधिक स्पष्ट आहे.

येथे क्षणभर मधे बोलण्याची मुभा घेतो. हा संबंध दिसावयास इतका विलंब का लागला, याचे कारण मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विचारार्ह गोष्ट वाटते. झोपेतील श्वासावरोधाची प्रयोगशाळेतील पहिली पद्धतशीर वर्णने १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनीत झाली; त्याच्या नऊ वर्षे आधी अमेरिकन वैद्यांनी स्थूल, सदा पेंगुळलेल्या रुग्णांच्या विकारास डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’वरून नाव दिले होते. तेव्हापासून या रोगाचे जे चित्र वैद्यकाच्या मनात ठसले, ते मध्यमवयीन, जाड मानेच्या पुरुषाचे. पाळी चालू असलेल्या स्त्रीला तिच्या संप्रेरकांचे संरक्षण असते, हे खरेच. परंतु ज्या काळात तिचे नाक सुजते, वजन वाढते आणि छातीखालची जागा आक्रसते, त्या नऊ महिन्यांत ते संरक्षण कितपत टिकते, हे कुणी फारसे पाहिलेच नाही. जो रोग एखाद्याला होत नाही असे आधीच ठरलेले असते, त्याची चौकशी करावयास कोण बसणार?

बाई: तू सांगितलेली उमेओची पाहणी प्रसूतीच्या वेळी, मागच्या आठवणींवर विसंबून केलेली. आणि त्याहून मोठी अडचण अशी की, ज्या बाईला प्रीएक्लॅम्प्सिया होतो तिचे सर्वांग सुजते. पाय सुजतात, चेहरा सुजतो, तसा घसाही सुजतो. भूल देताना नळी घालणे अशा बाईंत किती कठीण जाते, हे आमच्या भूलतज्ज्ञांना विचार. एडिंबरोमध्ये मोजमाप घेऊन दाखविलेले आहे की, प्रीएक्लॅम्प्सियात वरचा श्वासमार्ग साध्या गर्भारपणातल्यापेक्षाही अरुंद असतो. मग घोरल्यामुळे दाब वाढला की दाबाच्या विकारामुळे घोरणे आले? तुझा आरोपी कदाचित पीडितच असेल.

डॉक्टर: हा आक्षेप रास्त होता आणि त्याचे उत्तर मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले. अमेरिकेत पहिलटकरणींची एक मोठी पाहणी झाली. तीन हजारांहून अधिक स्त्रियांना घरीच झोपेत लावावयाचे उपकरण दिले; नाकापाशी नळी, छातीभोवती पट्टा, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. पहिली मोजणी ६ ते १५ आठवड्यांत, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा मागमूसही नसताना. दुसरी २२ ते ३१ आठवड्यांत. आरंभी ३.६ टक्के स्त्रियांत श्वसनविकार आढळला, मध्यावर ८.३ टक्क्यांत. आणि वय, वजन, आधीचा रक्तदाब यांचा हिशेब वजा केल्यावरही, ज्यांना आरंभीच हा विकार होता त्यांना पुढे प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दुप्पट ठरली. गर्भकालीन मधुमेहाची तर तिपटीहून अधिक. श्वास आधी मोजला, दाब नंतर वाढला. सूज आधी आणि घोरणे नंतर, हा क्रम या स्त्रियांना लागू पडत नाही.

बाई: क्रम मान्य. पण वजनाचा हिशेब वजा केला, असे म्हणणे सोपे आहे. एका आकड्यात मावलेले वजन म्हणजे पोटावरची चरबी नव्हे, मानेचा घेर नव्हे, की ती काय खाते आणि किती झोपते तेही नव्हे. शिल्लक काही राहतेच. आणि आता तुझ्याच आकड्यांचा जमाखर्च मांडू. ज्या विकाराने धोका दुप्पट होतो, तो आरंभी शंभरातल्या साडेतीन बायकांना असेल, तर तो विकार समूळ नाहीसा केला तरी प्रीएक्लॅम्प्सियाच्या शंभर रुग्णांपैकी तीन-चारच वाचतील. मध्यावरचा आकडा धरला तर सात. तेही कार्यकारण सिद्ध आहे असे गृहीत धरून. माझ्या रुग्णालयात झटके येऊन दाखल झालेल्या मुली मला अजून दिसतात. एकोणीस-वीस वर्षांच्या, पहिलटकरणी, अंगावर मांस नाही, हिमोग्लोबिन सात-आठ, ऊसतोडीच्या हंगामात कोपीत राहिलेल्या, तीन महिन्यांत एकदाही दाब न मोजलेल्या. त्यांच्यापैकी किती घोरत होत्या? त्यांचा प्राण गेला असता तर तो घशाच्या अरुंद मार्गामुळे गेला नसता. तो गेला असता पट्टा दंडाला वेळेवर न बांधल्यामुळे.

या वाक्याचे वजन डॉक्टरांना जाणवले पाहिजे, आणि वाचकालाही. जगभरातील मातामृत्यूंच्या कारणांत रक्तस्रावाच्या खालोखाल रक्तदाबाचे विकार येतात, आणि त्यांवरचे परिणामकारक उपाय स्वस्त आहेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅग्पाय चाचणीत ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांनी भाग घेतला, आणि मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहूनही खाली येतो हे निर्विवाद ठरले. २०१७ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या चाचणीने दाखविले की, जोखीम असलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यास, दिवस पूर्ण होण्याआधीच बाळंतपण करावे लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटतो. काही पैशांची गोळी ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्यांच्यासाठी निद्रापरीक्षेची तजवीज करा असे म्हणणाऱ्याने आधी हे उत्तर दिले पाहिजे.

डॉक्टर: बाई, त्या मुलींसाठी मी निद्रापरीक्षा मागत नाही. मी सरसकट गर्भार स्त्रियांचा सरासरी हिशेब मांडला आणि तुम्ही तो बरोबर फोडलात. पण विकार सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. मिशिगनच्याच गटाने ज्यांचा दाब आधीच वाढलेला आहे अशा गर्भार स्त्रियांची परीक्षा केली, तेव्हा त्यांच्यातील जवळजवळ ४० टक्क्यांना, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, श्वासावरोध निघाला. गट लहान होता, हे मी आधीच सांगतो. पण तुमचा रुग्णवर्गही आता पूर्वीचा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावीही पस्तिशीची, वजन वाढलेली, आधीच दाबाची गोळी चालू असलेली, मधुमेह असलेली गर्भार बाई तुमच्याकडे येते की नाही?

बाई: येते. दरवर्षी अधिक येते.

डॉक्टर: भूलतज्ज्ञांच्या दोन अमेरिकन संस्थांनी २०२३ मध्ये एकत्र शिफारशी केल्या, त्यांत तपासणी कुणाची करावी याचा वजनाचा निकष बीएमआय ३० असा आहे, शिवाय दाब किंवा मधुमेह असलेल्या स्त्रिया. तो निकष आपण जसाच्या तसा उचलू नये असे माझे म्हणणे आहे. भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा २५ वर आखावी, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी २००९ मध्येच ठरविलेले आहे, कारण आपल्या अंगात चरबी कमी वजनावरच पोटाभोवती साठते. तीसची चाळण लावली तर आपली अठ्ठावीसची बाई निसटून जाईल. आणि ठरीव प्रश्नावल्यांवरही माझा भरवसा नाही. दिवसा पेंग येते का, असे त्या विचारतात. गर्भार बाईला दिवसा पेंग येणारच!

बाई: आणि घोरतेस का, हे तू तिलाच विचारणार? तिला कसे कळावे? नवऱ्याला विचारशील, तर आपल्याकडे सातव्या महिन्यानंतर ती माहेरी गेलेली असते. तुझा विकार ज्या महिन्यांत वाढतो, नेमक्या त्याच महिन्यांत तिच्या शेजारी तिची आई निजते. तिला विचारायला पाहिजे, आणि तेही एकदा विचारून भागणार नाही. पहिल्या भेटीत नाही म्हणाली म्हणून कार्डावर फुली मारून ठेवलीस, तर सातव्या महिन्यातले घोरणे तुझ्या हातून सुटेल.

बाईंनी येथे जो मुद्दा सहजगत्या सांगितला, तो परदेशी शिफारशींतून मिळण्यासारखा नाही. माहेरपणाची चाल ही या चौकशीतील अडचण नसून उलट मोठी सोय आहे. आईची झोप या दिवसांत सावध असते. लेकीचा श्वास अडतो, ती घुसमटून उठते, घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागते, हे सारे तिने पाहिलेले असते. फक्त तपासणीच्या खोलीत तिला कोणी बोलते करीत नाही, कारण तिला बाहेरच्या बाकावर बसविण्यात आलेले असते.

बाई: पण आता मला माझी खरी धास्ती बोलू दे. तू हे एकदा सुरू केलेस, की बाईच्या वजनाबरोबर तिच्या झोपेचाही तिला जाब विचारला जाईल. घोरत होतीस म्हणून बाळ लहान राहिले, उताणी निजलीस म्हणून असे झाले, हे तिला सासरी ऐकावे लागेल. आधीच तिच्या माथी काय थोडे दोष मारलेले आहेत?

डॉक्टर: म्हणून काय सांगावयाचे ते नेमके सांगितले पाहिजे. सात महिन्यांनंतर निजताना कुशीवर निजावे. उताणे निजण्याचा मृत जन्माशी संबंध दिसला आहे आणि घशाच्या दृष्टीनेही कूस बरी. डावीच पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही, दोन्ही कुशींत फरक आढळला नाही. आणि झोपेत उताणी झालेली दिसलीच, तर घाबरून न जाता कूस बदलावी, एवढेच. घोरणे हा तिचा अपराध नाही. तिच्या नाकाची त्वचा सुजली आहे ती तिच्याच बाळाच्या वारेने तयार केलेल्या संप्रेरकांनी.

बाई: हे असेच छापून दे. आता तुझ्या यंत्राकडे ये. मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवावयाचा, हे १९८१ मध्ये सिडनीत निघाले, आणि तेथेच २००० साली तीव्र प्रीएक्लॅम्प्सियाच्या मोजक्या स्त्रियांचा रात्रीचा दाब त्याने खाली आला, हे मी वाचले आहे. एका रात्रीचा दाब उतरणे आणि रोग टळणे या दोन वेगळ्या गोष्टी.

डॉक्टर: त्यानंतर थायलंडमध्ये जोखमीच्या गर्भारपणातील ३४० स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली. यंत्र मिळालेल्यांत प्रीएक्लॅम्प्सिया सुमारे १३ टक्के, नेहमीच्या सेवेत सुमारे २२ टक्के.

बाई: आणि खालच्या दाबातला फरक दोनेक मिलिमीटरचा. कोणाला यंत्र मिळाले हे सर्वांना ठाऊक होते. अशी आणखी मोठी चाचणी होऊन तोच निकाल येईपर्यंत, रक्तदाबाचा उपाय म्हणून मी हे यंत्र लिहून देणार नाही. कित्येक हजारांचे ते यंत्र घेण्यासाठी कोणी मंगळसूत्र गहाण टाकावे, इतका हा पुरावा भक्कम नाही.

डॉक्टर: रक्तदाबाचा उपाय म्हणून नका देऊ. पण जिचा श्वास तासाला तीसदा अडतो आणि प्राणवायू ऐंशीवर उतरतो, तिला ते तिच्या स्वतःच्या फुप्फुसांसाठी आणि हृदयासाठी दिलेच पाहिजे. गर्भार आहे म्हणून तिचा उपचार तहकूब करणे याला आधार नाही. आणि सिझेरियनची रात्र? अशा बाईला वेदनाशमनासाठी अफूवर्गीय औषध दिले, वॉर्डात उताणी निजविली आणि निजलेली पाहून परिचारिका समाधानाने पुढे गेली, तर काय होऊ शकते, हे मी तुम्हांला सांगावयास नको.

बाई: नको. हे मला बिनशर्त मान्य आहे. याला कुठल्या चाचणीची वाट पाहावयाची गरज नाही. ती घोरते, श्वास अडतो, हे भूलतज्ज्ञाला आधी कळले, तर तो पाठीच्या कण्यातून भूल देईल, अफूचे प्रमाण बेताने ठेवील, उशाकडची बाजू उंच करवील, बोटाला चिमटा लावून ठेवील. आणि बाळंतपणानंतरही तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत दाब पुन्हा वर जातो, तेव्हा तर आम्ही तिला घरी सोडलेली असते. तर मग आपले ठरले ते असे: माझ्याकडे दाब वाढलेली किंवा मधुमेह असलेली जी बाई येईल, तिच्या आईला दर खेपेस विचारावयाचे आणि उत्तर कार्डावर लिहावयाचे. घोरते असे उत्तर आले, की तिला तुझ्याकडे धाडीन.

डॉक्टर: आणि जी घोरत नाही? मिशिगनच्या त्याच दाबाच्या रुग्णांत, न घोरणाऱ्यांपैकीही जवळजवळ चौथा हिस्सा श्वासावरोधाचा निघाला होता. दाब वाढलेल्या सगळ्यांचीच परीक्षा व्हावी असे मी म्हणतो.

बाई: एका लहानशा गटाच्या आधाराने मी माझ्या बायकांना शंभर किलोमीटर एसटीने पाठविणार नाही. तुला हवेच असेल, तर ते घरी लावावयाचे उपकरण माझ्या रुग्णालयात आणून ठेव. दाबाच्या प्रत्येक बाईला एक रात्र लावू. घोरणारी असो, नसो. दोघींच्याही नोंदी एकाच वहीत ठेवू, बाळंतपणाचा तपशील समोरच्या रकान्यात लिहू, आणि त्या आपल्या बायकांच्या नोंदी असतील. पुरेशा जमल्या की ये, मग मी तुझ्याशी पुन्हा भांडेन.

डॉक्टर: उपकरण पुढच्या सोमवारी पाठवितो. वही तुमची.